ओवाळणीतला ॲडम स्मिथ

आमच्या लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एक पत्र्याचा डबा आहे. मूळचा बिस्किटांचा. झाकणावर घोडागाडी, तिच्यात बसलेली राणी आणि मागेपुढे लाल डगलेवाले शिपाई. मेव्हण्याने लंडनहून आणला तेव्हा आतली बिस्किटं दोन दिवसांत संपली. डबा मात्र गेली पंचवीस वर्षं आमची परकीय गंगाजळी सांभाळतो आहे. देशाची गंगाजळी रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात असते, आमची बायकोच्या. दोघींचं धोरण एकच. आत आलेलं सहसा बाहेर जात नाही.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो डबा माझ्या हाती लागला. तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की मी आधी मोजतो. विलायतेच्या वीस पौंडांची एक नोट, जर्मनीची दहा मार्कांची एक, इटलीच्या हजार हजार लिरांच्या तीन, फ्रान्सचे पन्नास फ्रँक, हॉलंडचे दहा गिल्डर आणि तळाशी मूठभर चिल्लर. चिल्लरीत एक शर्टाचं बटणही निघालं, पण ते स्वदेशी होतं.

मग मी चष्मा लावून नोटांवरची माणसं पाहिली आणि चाटच पडलो. मार्कावर साक्षात गाऊस! शेजारी त्याचा तो घंटेच्या आकाराचा वक्र, सूत्रासकट छापलेला. पौंडावर ॲडम स्मिथ. लिरांवर मारिया माँटेसरी, ज्या बाईंच्या नावाने आपल्याकडे गल्लोगल्ली बालवाड्या निघाल्या. फ्रँकवर 'छोटा राजपुत्र' लिहिणारा सेंत-एक्झुपेरी. मी बायकोला हाक मारली. म्हटलं, "अगं, केवढी विद्वान माणसं आपल्या घरात नुसती पडून आहेत! आणि बाहेर कोणी त्यांचा एक रुपया द्यायला तयार नाही."

"अहो, त्यात नवीन काय?" ती डाळ निवडता निवडता म्हणाली. "तुम्हीही आहातच की."

पौंड आणि मार्क सोडले तर बाकीची गंगाजळी 2001 सालची. त्या मे महिन्यात मेव्हण्याने विमानाची तिकिटं काढून दिली आणि आम्ही दोघं युरोप पाहून आलो. दहा दिवसांत पाच देश. अष्टविनायक केलेल्या माणसाला त्यात अवघड काही नाही. उतरा, दर्शन घ्या, फोटो काढा, बसा गाडीत. फरक एवढाच की पाली सोडून महडला आलात म्हणून कोणी तुमची नोट नाकारत नाही. तिकडे सरहद्द ओलांडली की खिशातले पैसे बदलायचे आणि प्रत्येक बदलात ते थोडे झिजायचे. शेवटच्या संध्याकाळी आमच्या गाइडने बसमध्ये माइक घेऊन बजावलं की उरलेलं सगळं खर्चून टाका, पुढच्या 1 जानेवारीपासून युरोच्या नोटा येणार आहेत. लोक धावले. कोणी चॉकलेटं घेतली, कोणी पवनचक्कीच्या किल्लीसाखळ्या. बायकोने पर्सची चेन ओढली आणि म्हणाली, "असू दे. पुढच्या वेळी आलो की लागतील."

ही 'पुढची वेळ' आमच्या संसारातली फार मोठी शक्ती आहे. तिच्या जोरावर आमच्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे, लग्नपत्रिकांची कोरी पाकिटं आणि एका टेपरेकॉर्डरचं खोकं टिकून आहे. टेपरेकॉर्डर नाही.

मी ठरवलं की आता या नोटांचा निकाल लावायचाच. आधी अभ्यास केला. अभ्यासात कळलं की नोट बंद होणं दोन प्रकारचं असतं. मास्तर निवृत्त होणं आणि मास्तर जाणं, या दोन वेगळ्या घटना आहेत, तसंच. निवृत्त झालेली नोट दुकानात चालत नाही, पण तिला जन्म देणारी बँक तिचं पेन्शन चालू ठेवते, म्हणजे बदलून नवे पैसे देते. हे पेन्शन मात्र देशादेशावर आहे. जर्मनीची बुंडेसबँक मार्काला तहहयात पेन्शन देते, 1.95583 मार्काला एक युरो हा दर ठरलेला, मुदत नाही, दलाली नाही. ऑस्ट्रियाच्या शिलिंगाचंही तसंच. फ्रान्सने दहा वर्षं वाट पाहिली आणि 17 फेब्रुवारी 2012 ला खिडकी बंद केली. स्पेनने पेसेटासाठी 30 जून 2021 पर्यंत दम धरला. इटलीने 2012 च्या फेब्रुवारीअखेरचा वायदा केला होता. पण तिजोरीत खडखडाट झाल्यावर 6 डिसेंबर 2011 ला सरकारने एका फटक्यात लिराचं पेन्शनच थांबवलं. माँटेसरीबाईंना पूर्वसूचनाही नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर, जुनं पेन्शन बंद झाल्यावर, आपल्याकडे नोकरीला लागलेल्या कोणाही मास्तरला विचारा, तो बाईंच्या शेजारी घोषणा द्यायला उभा राहील.

म्हणजे फ्रँक आणि लिरा गेले. त्यांना जाऊ दे. खरा जीव अडकला होता पौंडात. ॲडम स्मिथवाली कागदी नोट 30 सप्टेंबर 2022 ला चलनातून गेली आणि तिच्या जागी प्लास्टिकची आली. पण बँक ऑफ इंग्लंडचा शब्द पक्का. कितीही जुनी नोट आणा, दर्शनी रक्कम देतो, मुदत नाही. वीस पौंड म्हणजे आजच्या भावाने दोन हजारांच्या वर. मी चप्पल घातली.

पहिल्यांदा आमच्या नेहमीच्या बँकेत गेलो. खिडकीवरची मुलगी माझीच विद्यार्थिनी निघाली, त्यामुळे खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. पैसे मिळाले नाहीत. तिथून एका फॉरेक्सवाल्याकडे गेलो. काचेपलीकडे एक तरुण बसला होता. मी नोट आत सरकवली. त्याने ती उजेडाकडे धरली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नोटेकडे पाहिलं. "काका, ही कागदाची आहे." मी म्हटलं, नोटा कागदाच्याच असायच्या. "आता प्लास्टिकची लागते. ही आम्ही घेतली तर आमच्याकडून पुढे कोण घेणार?" बाजाराचा अदृश्य हात ही ॲडम स्मिथची कल्पना मी पुस्तकात वाचली होती. काचेखालून ॲडम स्मिथला परत माझ्याकडे ढकलणारा हात मात्र चांगला दृश्य होता. त्यात पुष्कराजाची अंगठी होती.

चिल्लर काढायच्या आतच त्याने मान हलवली. परक्या देशाची चिल्लर सहसा कोणताच फॉरेक्सवाला घेत नाही. ती वजनदार असते आणि भाव हलका. पण मला राग परदेशाचा नाही. आपलं दहा रुपयांचं नाणं घ्या. रिझर्व्ह बँकेने 2018 साली जाहीर सांगितलं की त्या नाण्याचे चौदाच्या चौदा प्रकार वैध आहेत. तरीही अजून कुठे कुठे भाजीवाली ते उलटंपालटं करते, पदराला पुसते आणि परत देते. तिच्या कोथिंबिरीच्या राज्यात रिझर्व्ह बँकेचं काही चालत नाही.

खरं तर नाणं पारखून घेणं हे आपल्या रक्तातच आहे. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी असे किती तरी रुपये फिरायचे आणि एका रुपयाला दुसरा रुपया सरळ मिळायचा नाही, मध्ये बट्टा कापला जायचा. तो कापणारा सराफ. आज आपण सराफाकडे मंगळसूत्र करायला जातो, पण मुळात तो फॉरेक्सवालाच. सरकारी खजिन्यात नाणी पारखायचा तो पोतदार. 1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया केला आणि पोतदारांना आडनावापुरतं उरवलं. बट्टा मात्र टिकला. तो आता नावाला लागतो. आमचं पनवेल जुनं बंदर. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बोटीने इथे उतरायचा आणि मग बोरघाटाच्या वाटेला लागायचा. तेव्हा इथल्या सराफाच्या ओट्यावर कोणी तरी माझ्यासारखाच जुना रुपया घेऊन ताटकळला असणार, आणि सराफाने अंगठीच्या हाताने तो परत सरकवला असणार.

हे मी गल्लीतल्या कुवैतवाल्या चाचांना सांगितलं. चाचा वीस वर्षं कुवैतला होते. 1990 च्या ऑगस्टमध्ये सद्दामच्या फौजा शिरल्या आणि 1 लाख 70 हजारांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे परत आले, त्यांतले ते एक. माझी कहाणी ऐकून ते हसले. "मास्तर, तुमची नोट बऱ्याच वर्षांनी म्हातारी झाली. आमची रात्रीत झाली." इराक्यांनी कुवैतची मध्यवर्ती बँकच लुटली होती. सुटका झाल्यावर कुवैतने 1991 साली सगळ्या नोटाच बदलल्या आणि जुन्यांना 30 सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली. चाचा तेव्हा पनवेलात, नोटा पनवेलात आणि खिडकी कुवैतमध्ये.

मग चाचा आत गेले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात त्यांच्या वडिलांची एक नोट. दहा रुपये, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, सगळं आपलंच; पण रंग भलताच आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी झेड. ही आखाती नोट. एके काळी कुवैत, बहारीन, कतार, दुबई इथे आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे तो भराभर परत यायला लागला आणि सरकारला त्याच्या बदली परकीय चलन मोजावं लागायला लागलं, म्हणून 1959 साली खास आखातासाठी या वेगळ्या नोटा निघाल्या. कुवैतने 1961 साली स्वतःचा दिनार काढला. 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतार-दुबईच्या शेखांनीही हात वर केले. ओमानने तेवढा 1970 पर्यंत धीर धरला. गंमत अशी की भारताची ही नोट भारतात कधीच चालली नाही आणि जिथे चालायची तिथे आता चालत नाही. मात्र नोटा जमवणारे लोक तिच्यासाठी दर्शनी किमतीच्या कित्येक पट मोजायला तयार असतात. "विकून टाका की," मी म्हटलं. चाचांनी पिशवीची घडी घातली. "अब्बांची आहे," म्हणाले.

पनवेलला असा परदेशी पैसा आलेल्या घरांचा तोटा नाही. इथलं बेथ एल सिनेगॉग 1849 सालचं. इथून इस्रायलला गेलेली, आडनावानेच पनवेलकर असलेली मंडळी सुट्टीत यायची तेव्हा शेजारच्या पोरांना तिकडची नाणी द्यायची. तिकडेही पूर्वी लिराच होता. 1980 साली दहा लिरांचा एक शेकेल झाला. 1985 साली महागाईने कंबर मोडल्यावर हजार शेकेलांचा एक नवा शेकेल. म्हणजे जुने दहा हजार लिरा बरोबर एक नवा शेकेल. तुर्कस्तानाने तर 2005 साली एकदम सहा शून्यं पुसली. ज्या देशात सगळेच लखपती असतात तिथे पाव किती महाग असेल, हा प्रश्न मी दहावीला घालायचो. एका मुलाने उत्तर लिहिलं होतं: "सर, तिथे पाव नसेलच." त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

भाच्याने नवा उपाय सुचवला. 8 ऑक्टोबर 2025 ला आमच्या विमानतळाचं उद्घाटन झालं होतं आणि 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली होती. (त्याला नवी मुंबईचा म्हणतात, पण जमीन गेली पनवेल आणि उलव्याकडची. असो.) "मामा, विमानतळावर फॉरेक्सचे काउंटर असतात, तिथे बघा." रिक्षा करून गेलो. दारावरच्या जवानाने तिकीट विचारलं. मी नोट दाखवली. तो अतिशय सभ्यपणे म्हणाला की आत जायला विमानाचं तिकीट लागतं. म्हणजे दोन हजारांची नोट मोडायला पाच हजारांचं तिकीट काढायचं आणि उगाच कुठे तरी जाऊन यायचं. रिक्षाचे गेले ते वेगळेच.

व्हॉट्सॲपवर मात्र माझी चांदी होती. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाचाच्या नोटेला लाखो रुपये मिळतात, असा निरोप मला एका आठवड्यात चार जणांनी पाठवला. चौघेही माझे विद्यार्थी. गणित कच्चं राहिल्याची जबाबदारी मी घेतो. नोट विकण्याआधी 'नोंदणी शुल्क' भरा, असं कोणी सांगितलं तर तो चोर समजावा. रिझर्व्ह बँकेने 2021 साली तसं स्पष्ट बजावलं आहे, आणि ट्रॅक्टरची नोट तर अजून चालते. तिचे पाच रुपये येतात.

शेवटी मला सुचलं ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मेव्हणा लंडनला राहतो. दर एक-दोन वर्षांनी येतो. नोट त्याच्या हातात द्यायची, तो तिकडे बदलून घेईल. गाऊसच्या डोक्यातून निघावं असं सोपं उत्तर! मी ते जेवताना मांडलं. बायकोचा घास हातातच राहिला.

"ती भाऊबीजेची ओवाळणी आहे."

मला खरंच आठवत नव्हतं. एका दिवाळीला तो आला होता, निरांजनाचं ताट समोर आलं आणि खिशात रुपये नाहीत म्हणून त्याने वीसची नोट टाकली होती. "भावाने ताटात घातलेलं भावाच्याच हातात परत द्यायचं? आणि सांगायचं काय, की घे बाबा, चालत नाही?" मी म्हटलं, चालत नाही हेच तर खरं आहे. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे आमटी वाढून घेतली. बँक ऑफ इंग्लंडला वाटतं आपणच एकटे शब्दाचे पक्के.

मी हार मानली नाही. गुपचूप मेव्हण्यालाच फोन लावला. तो ऐकून गप्प झाला, मग म्हणाला, "भावजी, तुम्ही म्हणताय तर सांगतो. माझ्याकडे पण आहेत." त्याच्या टेबलाच्या खणात आपल्या जुन्या पाचशेच्या सात नोटा निघाल्या. माझी सासू दर खेपेला निघताना त्याच्या हातावर ठेवायची, 'वाटेत खाऊला'. वाटेत म्हणजे मुंबई ते लंडन. खाऊ विमानातच फुकट मिळतो, म्हणून नोटा तशाच राहिल्या. मग 8 नोव्हेंबर 2016 ची, नोटबंदीची रात्र आली. परदेशातल्या भारतीयांना 30 जून 2017 पर्यंत सवलत होती, पण त्यासाठी जातीने इथे येऊन रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कचेरीत उभं राहायचं होतं. साडेतीन हजारांसाठी साठ हजारांचं तिकीट कोण काढणार? आता सासूबाई नाहीत आणि त्या नोटांना पेन्शनही नाही. आपला 2017 चा कायदा तर सांगतो की अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगणं हाच गुन्हा; अभ्यासासाठी, संशोधनासाठी पंचवीसपर्यंत सूट. त्याने विचारलं, "या तुमच्याकडे पाठवू का? तिथे काही होईल?" मी म्हटलं, सातच आहेत ना, मग राहू दे तुझ्याकडे.

तर सध्याची स्थिती अशी आहे. माझी सासू लंडनच्या एका खणात आहे आणि ॲडम स्मिथ पनवेलच्या कपाटात. मार्काचं पेन्शन चालू आहे, पण तो माझ्या थोरल्या भावाने 1994 साली दिलेला. पौंड जर राहणार असेल तर मार्क घालवून सासर-माहेरचा तोल बिघडवायची माझी हिंमत नाही. लिरांच्या तिन्ही नोटा नातवंडांनी 'नवा व्यापार' खेळताना बँकेत जमा केल्या. मुलांनी वस्तू हाताळत शिकावं असं माँटेसरीबाई सांगायच्या, तेव्हा त्या समाधानी असाव्यात. चिल्लरीसाठी मी कायदा पाहिला. परदेशी नोटा आपल्याजवळ दोन हजार डॉलरांपर्यंतच ठेवता येतात, पण परदेशी नाणी कितीही ठेवा, मर्यादा नाही. कायदा करणाऱ्यांच्या घरातही असा डबा असणार.

उरले हॉलंडचे दहा गिल्डर. ही नोट ना माहेरची, ना सासरची. आमच्या स्वतःच्या पैशाने बदलून घेतलेली, त्यामुळे तिच्यावर कोणाचा जीव नाही. वरून पाहिली तर नुसत्या रंगीत रेघा, पण उजेडाकडे धरली की आत खंड्या दिसतो, तोच, आमच्या खाडीवर आणि कर्नाळ्याला दिसतो तो. तिथल्या बँकेने या नोटेला 1 जानेवारी 2032 पर्यंत मुदत दिली आहे. तेव्हा वाचकांपैकी कोणी तोपर्यंत ॲमस्टरडॅमला जाणार असेल तर पनवेलला टपाल नाक्यापाशी उतरून गणिताच्या मास्तरांचं घर विचारावं. नोट देतो, चहा देतो. फक्त एक अडचण आहे. दहा गिल्डरचे 4 युरो 54 सेंट होतात आणि युरोची सगळ्यात लहान नोट पाचची. रोख मिळाले तर सगळी चिल्लरच येणार. म्हणून कोणाच्या डब्यात आणखी एक दहा गिल्डरची नोट असेल तर तीही घेऊन यावी. दोन्हींचे मिळून 9 युरो 8 सेंट होतात. एक नोट तरी येईल.